फुकटचा अँटिव्हायरस की विकतचा? प्रश्न दुकानातला, दुखणे दुसरीकडेच

हिंगोली, प्रतिनिधी : ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका शासकीय कर्मचाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर व्हॉट्सअॅपवरून ३० ऑगस्टच्या लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका पीडीएफसारखी दिसत होती. प्रत्यक्षात ती अँड्रॉइड फोनवर आज्ञावली बसविणारी एपीके फाइल होती. ती उघडल्यानंतर भामट्यांनी फोनमधील माहितीवर ताबा मिळविला आणि बँक खात्यातून सुमारे एक लाख ९० हजार रुपये काढून घेतले. प्रकरण पोलिसांकडे गेले, बातमी देशभर छापून आली. अशी बातमी आली की शहरातील संगणक विक्री-दुरुस्तीच्या दुकानांत एक जुनाच प्रश्न नव्याने विचारला जातो : घरच्या संगणकावर अँटिव्हायरस कोणता टाकावा, फुकटचा की विकतचा?

प्रश्न रास्त आहे. मात्र तो ज्या परिस्थितीत जन्माला आला ती परिस्थिती केव्हाच पालटली आहे. उत्तरे मात्र अजून त्या काळातलीच दिली जात आहेत. त्यामुळे एकीकडे ज्याला गरज नाही तो दरवर्षी पैसे भरतो आणि दुसरीकडे ज्याला खरोखर संरक्षण हवे तो चोरीच्या विंडोजवर फुकटचा अँटिव्हायरस टाकून निर्धास्त झोपतो.

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. येथील घरांतला संगणकही साधारण त्याच वयाचा. एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी पोहोचले, नोकरीच्या आशेने मुले-मुली माऊस धरायला शिकली आणि ज्यांना परवडले त्यांनी घरी संगणक घेतला. इंटरनेट होते ते टेलिफोनच्या तारेवरून रडतखडत चालणारे. अशा संगणकाला विषाणू लागत असे तो इंटरनेटवरून नव्हे, तर पेन ड्राइव्हमधून. सायबर कॅफेतून निकालाची प्रत आणली, डीटीपीच्या दुकानातून लग्नपत्रिकेचा मजकूर आणला, फोटो स्टुडिओतून बारशाची छायाचित्रे आणली की त्यांच्याबरोबर विषाणूही घरी येत असे. फोल्डर नाहीसे होऊन त्याच नावाचे शॉर्टकट दिसू लागत. पेन ड्राइव्ह जोडताच त्यातील फाइल आपोआप चालविण्याची जी सोय विंडोजमध्ये होती, तीच या विषाणूंची शिडी होती. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठी ती सोय बंद करणारी सुधारणा सर्वांपर्यंत पोहोचविली ती फेब्रुवारी २०११ मध्ये.

त्या काळी विकतच्या अँटिव्हायरसची बाजू बळकट होती आणि तिचे कारण फारसे तांत्रिक नव्हते. एव्हीजी, अव्हास्ट, अव्हिरा ही परदेशी सॉफ्टवेअर फुकट मिळत. परंतु नव्या विषाणूंची यादी वरचेवर उतरवून घेतली नाही तर त्यांचा उपयोग शून्य. टेलिफोनच्या तारेवरून ती यादी उतरवायला तास-तास लागत, त्यात भारनियमन. याउलट पुण्याची क्विक हील आणि नेट प्रोटेक्टर ही नावे तालुक्याच्या दुकानात खोक्यात मिळत. मूळचे सातारा जिल्ह्यातील असलेल्या कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. संगणकाचे शिक्षण घेतलेले त्यांचे बंधू संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांतून १९९५ च्या सुमारास क्विक हील उभे राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. दुरुस्तीच्या दुकानात जन्मलेले हे उत्पादन दुरुस्तीच्या दुकानांतूनच महाराष्ट्रभर पोहोचले, यात आश्चर्य नाही.

खोक्यात सॉफ्टवेअर असे. पण ग्राहक खरे तर विकत घेत असे तो फोन केल्यावर घरी येणारा माणूस. तो येई, ताज्या यादीची फाइल सोबत आणी, संगणक तपासे, मराठीत दोन गोष्टी समजावून सांगे आणि चहा पिऊन जाई. विक्रेत्याला त्यात दोन पैसे सुटत. यात गैर काहीही नव्हते. किंबहुना मराठवाड्यातील अनेक घरांत आजही विकतच्या अँटिव्हायरसचे खरे मोल तेवढेच आहे, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

बदल झाला तो विंडोजच्या पोटात. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स हा आपला मोफत अँटिव्हायरस दिला आणि २०१२ मध्ये विंडोज ८ पासून तो ‘डिफेंडर’ या नावाने विंडोजमध्येच बसविला. सुरुवातीला त्याची कामगिरी यथातथाच होती. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही संस्था अशा सॉफ्टवेअरची नियमित परीक्षा घेते. २०१२ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या या अँटिव्हायरसला तिचे प्रमाणपत्रही मिळू शकले नव्हते. ‘विंडोजमधले काही कामाचे नाही, दुसरे टाका,’ हा दुकानदाराचा सल्ला तेव्हा बरोबर होता. मात्र गेल्या काही वर्षांत त्याच संस्थेच्या चाचण्यांत डिफेंडर पैशांच्या सॉफ्टवेअरच्या पंक्तीला बसून वारंवार पूर्ण गुण मिळवीत आला आहे. सल्ला मात्र २०१२ चाच राहिला.

म्हणून अस्सल विंडोज, वेळच्या वेळी होणारे अपडेट आणि घरातल्यांपुरता वापर, एवढे जुळत असेल तर घरगुती संगणकाला वेगळ्या अँटिव्हायरसची निकड उरलेली नाही. असे लिहिणे काही विक्रेत्यांना रुचणार नाही. तथापि तीन अटींपैकी पहिलीच अट आपल्याकडे किती ठिकाणी पुरी होते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याकडे पुढे यावेच लागेल.

मग बाहेरचा फुकटचा अँटिव्हायरस टाकण्यात काय हरकत आहे? हरकत अशी की फुकटच्या मालाचा खर्च कोणीतरी कोठूनतरी भरून काढतच असतो. अव्हास्ट ही १९८८ मध्ये प्रागमध्ये सुरू झालेली नामांकित कंपनी. भारतात तिचा नारिंगी गोळा असंख्य संगणकांवर दिसे. तिच्या ग्राहकांनी इंटरनेटवर काय काय पाहिले याची माहिती जम्पशॉट ही तिची उपकंपनी विकत असल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघडकीस आले. बोभाटा झाल्यावर उपकंपनी बंद करण्यात आली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आणि अशी माहिती जाहिरातींसाठी न विकण्याचा आदेश काढला. आपला माग काढला जाऊ नये म्हणून जे सॉफ्टवेअर लोकांनी बसविले, तेच माग काढीत होते, असा या प्रकरणाचा मथितार्थ. अव्हास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली होती आणि २०२२ मध्ये ती स्वतः नॉर्टनच्या कंपनीत विलीन झाली. तेव्हा दुकानात ‘हे नको तर ते घ्या’ म्हणून दाखविली जाणारी तीन वेगवेगळी नावे आज एकाच मालकाची आहेत, हेही ग्राहकाला ठाऊक असलेले बरे.

विकतचे ते सारे निर्दोष, असाही याचा अर्थ नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या महागड्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. ते मोठ्या कंपन्यांचे सॉफ्टवेअर, घरातले नव्हे. परंतु संगणकाच्या गाभ्यापर्यंत ज्याला प्रवेश दिला त्याची चूकही गाभ्यापर्यंत जाते, हे त्यातून दिसले. घरगुती ग्राहकाची तक्रार निराळी असते. पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेला अँटिव्हायरस दुसऱ्या वर्षी पूर्ण किमतीने आपोआप नूतनीकृत होतो. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांमुळे अशा आपोआप वसुलीची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला मिळणे बंधनकारक झाले. तो संदेश न वाचताच पुसून टाकू नये.

मुदत संपल्यावर काय होते, याचा अनुभव प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरीच आला. वर्षभराची किल्ली संपून दीड वर्ष उलटले होते. कोपऱ्यातले चिन्ह तांबडे झाले होते आणि घरातील प्रत्येकाला वाटत होते, अँटिव्हायरस आहे ना, मग झाले. बाहेरचा अँटिव्हायरस बसविला की विंडोजचा डिफेंडर सहसा स्वतःहून बाजूला होतो. मुदत संपलेले सॉफ्टवेअर तसेच ठेवले तर नवा राखणदार आला की नाही, हे कोणी पाहत नाही. नूतनीकरण करायचे नसेल तर जुना अँटिव्हायरस रीतसर काढून टाकावा. डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. अर्थात हे आमच्याही लक्षात आले ते उशिराच.

आता पहिल्या अटीकडे. घरी जुळविलेला किंवा मोठ्या शहरातील कार्यालयांनी टाकून दिलेला जुना संगणक आठ-दहा हजारांत आणला, तर त्यावर अस्सल विंडोजसाठी आणखी दहा हजारांच्या आसपास मोजायला कोण तयार होणार? तंत्रज्ञ ‘करून देतो’ म्हणतो. हे करून देणे म्हणजे ॲक्टिव्हेटर नावाची आज्ञावली चालविणे. डिफेंडर तिला विषाणू समजून अडवितो, म्हणून आधी डिफेंडर बंद करावा लागतो किंवा विशिष्ट फोल्डरकडे पाहू नकोस, अशी सूट त्याला द्यावी लागते. काम झाले की तंत्रज्ञ निघून जातो. सूट तशीच राहते. घरमालकाच्या हाती चावी आणि मागचे दार कायमचे उघडे. अशा संगणकावर ज्याने पहिल्याच दिवशी आत प्रवेश मिळविला त्याला हात लावण्याची डिफेंडरला मनाई आधीच झालेली असते.

ही भीती काल्पनिक नाही. २०१८ पासून पसरलेला ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचा खंडणीखोर विषाणू घरगुती संगणकांचा कर्दनकाळ ठरला, आणि त्याचा मुख्य मार्ग होता तो फुकट उतरवून घेतलेले क्रॅक सॉफ्टवेअर आणि ॲक्टिव्हेटर. फोटोशॉपचा क्रॅक चालविला की काही वेळाने सगळी छायाचित्रे, कागदपत्रे कुलूपबंद होत. पडद्यावर चिठ्ठी येई : ९८० डॉलर भरा, ७२ तासांच्या आत संपर्क साधल्यास निम्मे, म्हणजे ४९० डॉलर. हंगामभराच्या लग्नांची छायाचित्रे एकाच संगणकावर ठेवणाऱ्या स्टुडिओवाल्याला किंवा गावोगावच्या मजकुराच्या फाइली सांभाळणाऱ्या डीटीपीचालकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या विषाणूच्या जुन्या प्रकारांसाठी मोफत उतारा दिला; युरोपोलच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमातही असे उतारे फुकट मिळतात. परंतु नंतरच्या अनेक प्रकारांना उतारा सापडलेला नाही. ज्यांनी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढून ती संगणकापासून सोडवून कपाटात ठेवली होती, तेच निभावले. अँटिव्हायरसच्या दोन-तीन वर्षांच्या वर्गणीत अशी एक हार्ड डिस्क येते. ती घेण्याचा सल्ला दुकानात क्वचितच ऐकू येतो.

यात भर पडली ती १४ ऑक्टोबर २०२५ ची. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली. डिफेंडरची विषाणूंची यादी मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत अद्ययावत होत राहील, असे कंपनीने सांगितले. या दुसऱ्या वाक्याने गैरसमज होण्याचा संभव आहे. यादी अद्ययावत असणे म्हणजे दारावरच्या राखणदाराकडे चोरांची ताजी छायाचित्रे असणे. विंडोजच्या स्वतःच्या भिंतीला पडलेली भगदाडे बुजविणे हे काम निराळे, आणि ते नोंदणी न केलेल्या संगणकांवर थांबले. मे २०१७ मधील वॉनाक्राय विषाणू नेमका अशाच भगदाडातून शिरला होता. ते बुजविणारी सुधारणा दोन महिने आधी, मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चकती आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या बाजारातून आलेले चौथ्या-सहाव्या पिढीचे संगणक या अटीत बसत नाहीत. म्हणजे २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी ज्या घरांनी पोटाला चिमटा घेऊन जुना संगणक आणला, तीच घरे आता अडचणीत आली. अशा घराला दुकानदाराने विकतचा अँटिव्हायरस देऊन ‘आता काळजी नाही’ म्हणणे बरे नव्हे. वाढीव मुदतीची नोंदणी करून घ्यावी. तीही संपली की निदान बँकेचे व्यवहार त्या संगणकावर करू नयेत. मुलांचा अभ्यास, टंकलेखन, चित्रपट एवढाच वापर असेल तर लिनक्सचा विचार करायला हरकत नाही. ते फुकट आहे, कायदेशीर आहे आणि त्यावर मराठी उत्तम चालते. सी-डॅकने तयार केलेले ‘बॉस’ हे त्याचेच भारतीय रूप. दुकानदारांना त्याचे वावडे का, हे मात्र कोडे आहे. कदाचित त्यात विकण्यासारखे काही नसते, म्हणून असेल.

विकतच्या अँटिव्हायरसला पर्याय नाही अशीही जागा आहे, आणि दुर्दैवाने नेमकी तेथेच काटकसर होते. ती म्हणजे घरातल्या पुढच्या खोलीत चालणारे सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, ऑनलाइन अर्ज भरून देणारे टेबल. २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजार लोकसंख्येचा, बहुतांश ग्रामीण असा हा जिल्हा. येथे पीक विम्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत बहुतेक अर्ज अशाच टेबलांवर भरले जातात. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना, त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीवेळी या टेबलांपुढे रांगा लागल्या. आधार कार्ड, बँक पासबुक, सातबारा, छायाचित्र हे सारे स्कॅन होऊन एका फोल्डरमध्ये साठत गेले. दिवसभरात अनोळखी पेन ड्राइव्ह त्याच संगणकाला लागतात. येथे चोरी झाली तर ती केंद्रचालकाची नव्हे, सबंध गावाची होते.

घरगुती म्हणून फुकट दिलेले बहुतेक अँटिव्हायरस व्यवसायासाठी वापरण्याची परवानगीच देत नाहीत. त्यांच्या करारात तसे स्पष्ट लिहिलेले असते. तो करार कोणी वाचत नाही, एवढेच. केंद्रचालकांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. एका अर्जामागे मिळणारे मानधन तुटपुंजे, तेही वेळेवर मिळेलच असे नाही. त्यातून अस्सल विंडोज, अँटिव्हायरस आणि हार्ड डिस्कचा खर्च कसा काढायचा? लोकांची कागदपत्रे शासनाच्या योजनांसाठी गोळा होत असतील, तर त्या संगणकांच्या सुरक्षिततेचा काही भार शासनाने उचलावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’तर्फे क्विक हील, ई-स्कॅन यांसारख्या देशी कंपन्यांची विषाणू काढणारी साधने मोफत दिली जातात. उपक्रम स्तुत्य, परंतु ती साधने लागण झाल्यावर झाडून काढण्यासाठी आहेत, राखणीसाठी नव्हेत. निदान एवढी माहिती तरी तालुक्याच्या प्रत्येक केंद्रात फलकावर लागायला हवी.

आणि लग्नपत्रिकेचे ते प्रकरण? त्यात संगणक नव्हताच. त्या कर्मचाऱ्याच्या घरच्या संगणकावर जगातला सर्वांत महाग अँटिव्हायरस असता तरी फोनवरची फाइल त्याने अडविली नसती. फोनवरही ‘प्ले प्रोटेक्ट’ हा फुकटचा पहारेकरी आधीच असतो आणि अनोळखी ठिकाणाहून आलेली एपीके बसविताना फोन परवानगी मागतो. ‘आरटीओ चलन’, ‘पीएम किसान’, ‘लग्नाला जरूर या’ अशी नावे फाइलींना दिली जातात ती याचसाठी की माणसाने ती परवानगी स्वतःच्या बोटाने द्यावी. लग्नपत्रिका कधीही काही ‘इन्स्टॉल’ करायला सांगत नाही. सांगितले तर तेथेच थांबावे. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ती गोठविता येते. बँकेत जाऊन साहेबांची वाट पाहण्यात तोच वेळ जातो.

घरच्या संगणकापुरते सांगायचे तर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधील ‘एक्सक्लूजन्स’ ही यादी एकदा पाहावी. ती रिकामी असायला हवी. तेथे एखादे फोल्डर किंवा सबंध सी ड्राइव्ह लिहिलेला आढळला, तर संगणक करून देणाऱ्या तंत्रज्ञाला आधी त्याबद्दल विचारावे. अँटिव्हायरसचा दर नंतर विचारता येईल.